वारकरी माळ ही दीक्षा आहे का? घेण्याआधी, घेताना आणि नंतर

प्रश्न न्यू जर्सीहून आला आहे. विचारणाऱ्यांचे आजोबा माळकरी होते, वडिलांनी माळ घेतली नाही, आणि आता चाळिशीत यांना ती घ्यावीशी वाटते. मधल्या काळात दीक्षा, गुरुपरंपरा आणि प्रतीके यांवर त्यांचे बरेच इंग्रजी वाचन झाले आहे. त्यातून आलेल्या शंका अशा: वारकऱ्यांचा मंत्र गुप्त नाही, कानात सांगत नाहीत, मग माळेला दीक्षा म्हणावे का? गुरूंची साखळी नेमकी कोणती? माळ व्हिडिओ कॉलवर घेता येईल का? आणि परदेशात राहून नेम कसा चालवायचा?

माळ ही दीक्षाच आहे. दीक्षा घेतलेला माणूस कोणाच्या तरी साक्षीने शब्दाला बांधला जातो, त्याची खूण अंगावर बाळगतो आणि तिथून त्याच्या दिवसाची, महिन्याची, वर्षाची मांडणी बदलते. माळेने हे सगळे होते. गुप्तता तेवढी नाही. मुंजीत बटूला गायत्री पांघरुणाखाली कानात सांगतात. नाथपंथात दर्शनी होणाऱ्या साधूचे कान चिरून त्यात कुंडले घालतात. वारकऱ्यांचा ‘राम कृष्ण हरी’ मात्र कीर्तनाच्या सुरुवातीला हजार माणसांसमोर टाळावर म्हटला जातो, रिक्षाच्या मागेही रंगवलेला असतो. तो कोणी चोरू शकत नाही आणि तो मिळावा म्हणून कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. मंत्र आधीच सगळ्यांचा असल्यामुळे माळ घेताना तो ‘मिळत’ नाही. त्या दिवशी आपण कबूल करतो तो नेम. वारकरी दीक्षेचे सगळे वजन या नेमावर आहे, आणि पुढचे उत्तर त्याच अंगाने वाचावे.

साखळीची शंका फ्रेंच लेखक रने गेनाँ (१८८६–१९५१) याच्या वाचनातून आलेली दिसते. जिवंत संप्रदायात गुरूकडून शिष्याकडे अखंड आलेली दीक्षाच खरी, पुस्तक वाचून कोणी दीक्षित होत नाही, असे त्याचे म्हणणे. तो स्वतः सूफी परंपरेत गेला, १९३० साली कैरोला जाऊन राहिला आणि तिथेच वारला. त्याच्या म्हणण्यातला मोठा भाग वारकऱ्यांना मान्य होईल. पण त्याची मोजपट्टी जशीच्या तशी पंढरपूरला लावली तर अडचण येते, कारण वारकऱ्यांची साखळी एक नाही. ज्ञानदेवांची परंपरा नाथांची: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी त्यांनी ती स्वतः सांगितली आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर. एकनाथांचे गुरू देवगडचे, म्हणजे दौलताबादचे, जनार्दनस्वामी. तुकोबांनी राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी नावे सांगून बाबाजींनी आपल्याला स्वप्नात ‘राम कृष्ण हरी’ हा मंत्र दिल्याचे नोंदवले आहे, माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार ही खूणही दिली आहे. बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले, तेही स्वप्नातल्या अनुग्रहाने.

म्हणजे एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत सरळ उतरत आलेली एकच रेघ शोधायला गेलात तर हाती चार-पाच रेघा येतील. त्या सगळ्या भेटतात कुठे? चंद्रभागेच्या वाळवंटात, ठरलेल्या तिथीला. वारकऱ्यांचे अखंडत्व स्थळात, पंचांगात आणि सोबत चालणाऱ्यांत आहे. गुरूंची नावे वेगवेगळी असलेले संत एकाच विटेपुढे उभे राहिले, म्हणून संप्रदाय एक झाला. ‘तुमचा गुरू कोण’ यापेक्षा ‘तुमचा फड (म्हणजे एका महाराजांच्या परंपरेतला वारकऱ्यांचा समुदाय) कोणता, दिंडी कोणती’ हा प्रश्न वारीत आधी का विचारतात, ते यावरून लक्षात येईल.

यात आणखी एक बारकावा आहे. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना त्र्यंबकेश्वरी जे दिले ते नाथांच्या रीतीने, एकाने एकाला. तेच ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला श्रोत्यांच्या सभेत मराठीत मांडले. आधुनिक काळातल्या दीक्षेचा विचार करणाऱ्याने इथे थांबावे. गुह्य उघड केले की त्याचे बळ जाते, असे बहुतेक परंपरा धरून चालतात. इथे उघड केल्यावर सव्वासातशे वर्षे ते चालू आहे. ते टिकले कशाने, तर उघड झालेल्या शब्दाला नेमाचे कुंपण घातले गेले म्हणून. गुप्तता राखते ते काम इथे एकादशी आणि वारी करतात.

आता माळ घेतात कशी. दिवस शक्यतो एकादशीचा, जागा पंढरपूर, आळंदी, देहू किंवा गावातल्या सप्ताहाचा मंडप. माळ तुम्ही स्वतः आणायची. तुळशीच्या लाकडाची, १०८ मण्यांची, गळ्यात दोन पदरांत बसेल अशी. सकाळी स्नान करून कपाळी गोपीचंदनाची उभी रेघ आणि बुक्का लावायचा. माळ धुऊन ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवतात. माळ घालणारे महाराज मग नेम एकेक करून सांगतात: मांस-मद्य वर्ज्य, परस्त्री मातेसमान (स्त्रियांना याचेच रूप), खोटे आणि चोरी नाही, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, रोज हरिपाठ, आणि वर्षातून किमान एक पंढरीची वारी, आषाढी किंवा कार्तिकी. तुम्ही ‘हो’ म्हणता. मग पोथीवरची माळ उचलून ते तुमच्या गळ्यात घालतात, ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात, कपाळाला बुक्का लावतात. तुम्ही त्यांच्या पाया पडता आणि लगेच तेही वाकून तुमच्या पाया पडतात. हा परतीचा नमस्कार नीट पाहावा. क्षणापूर्वी शिष्य म्हणून पुढे आलेल्या माणसाच्या गळ्यात आता माळ आहे, आणि घालणारा त्या माळेला नमस्कार करतो आहे. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम. नारळ, फूल, हार पुरे. याहून जास्त काही मागितले गेले तर तिथून उठावे.

फी, ‘पुढच्या पायरीची दीक्षा’, ‘विशेष बीजमंत्र’ यांपैकी काहीही वारकरी माळेत नाही. इथे पायऱ्याच नाहीत. पन्नास वर्षे वारी केलेल्या म्हाताऱ्याची आणि काल माळ घेतलेल्या पोराची माळ एकच. तुकोबा तर म्हणतात, उपदेश पावसासारखा सगळ्यांवर करावा, पण गुरूने शिष्य करू नये. केला तर शिष्याच्या कर्माचा अर्धा वाटा त्याच्याकडे येतो. जाणते महाराज म्हणूनच ‘हा माझा शिष्य’ असे म्हणत नाहीत. मोठमोठ्या पाट्यांवर शिष्यांची संख्या मिरवणारा माणूस माळ घालण्यासाठी निवडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

निवडावा तो असा: स्वतः माळकरी, स्वतः दरवर्षी वारी करणारा, कोणत्या फडाचा किंवा दिंडीचा ते सहज सांगणारा. एक साधी परीक्षा आहे. तो वारीत कधी येतो आणि कधी परततो ते विचारा. आषाढी एकादशीला दर्शन घेऊन लाखो लोक त्याच रात्री गाडी पकडतात. फडकरी पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यापर्यंत, म्हणजे वारीच्या शेवटच्या प्रसादापर्यंत, थांबतात, कारण काला झाल्याशिवाय वारी पुरी होत नाही. काल्यापर्यंत थांबणाऱ्याकडून माळ घ्यावी. ओळखीचे कोणीच नसेल तर आळंदीला माउलींच्या समाधीपुढे किंवा पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर माळ ठेवून ती घालून घेण्याचीही रीत आहे. तरीही एक माळकरी साक्षीला असावा.

स्त्रियांना माळ आहे, सर्व जातींना आहे. पण इतिहास गोड करून सांगू नये. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे. माळ सर्वांना होती तेव्हाही देवळाचे दार सर्वांना नव्हते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. माळ घेणाऱ्याने हे माहीत असू द्यावे. पंगतीत आणि दिंडीत आपण कोणाशेजारी बसतो, यावरही माळेची पारख होते.

व्हिडिओ कॉलवर माळ घेऊ नये. नेम समजून घेणे, शंका विचारणे, हरिपाठाची चाल शिकणे हे सगळे कॉलवर उत्तम होते. पण माळ दुसऱ्याच्या हातून गळ्यात पडायला हवी आणि तो नमस्कार समोरासमोर व्हायला हवा. ज्याच्यासमोर ‘हो’ म्हटले तो माणूस पुढच्या वर्षी वाळवंटात पुन्हा भेटणार असतो. हे भेटणेच माणसाला नेमाशी धरून ठेवते. पडद्यावरचा ‘हो’ दोन महिन्यांत विरतो. घाई असेल तर उलट करा: नेम आजपासून, माळ पुढच्या भारतभेटीत. एक पूर्ण वर्ष माळेशिवाय नेम पाळून पाहावा. चोवीस एकादश्या, अधिक मास आला तर सव्वीस, यांतल्या किती सुटल्या आणि का सुटल्या याची टीप ठेवावी. बहुतेक ठिकाणी भूक हे कारण नसते. कारण असते प्रवास, कचेरीतले जेवण, नाहीतर तिथीच लक्षात न राहणे. कारण कळले की उपाय करता येतो.

नेम मोडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. पहिली, वारीच्या भरात घेतलेली माळ. तीन आठवडे चालून, टाळ वाजवून मन हलके झालेले असते, शेजारचा घेतो म्हणून आपणही घेतो, आणि श्रावण संपल्यावर घरात मटण शिजते. मग ती माळ देवघरातल्या खिळ्यावर जाते. दुसरी जागा स्वयंपाकघर. एकाने माळ घेतली आणि बाकीच्यांनी नाही, तर भांडी, तवा, फ्रीज यांवरून रोज कुरबूर होते. माळ घेण्याआधी घरच्यांशी बसून ठरवावे: त्यांच्यावर सक्ती नाही, माझी कढई वेगळी, सणाला कोणाच्या ताटावर शेरे मारायचे नाहीत. माळकऱ्याने घरातल्या इतरांना छळून नेम पाळला तर तो फार टिकत नाही. तिसरी जागा परदेशातल्या कचेरीतली मेजवानी. तिथे ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ असली सबब देण्यापेक्षा ‘मी घेत नाही’ एवढेच सांगावे. सबब दर वेळी नवी शोधावी लागते.

एकादशीच्या तिथीबद्दल परदेशात फार गोंधळ होतो, म्हणून थोडे खोलात जातो. वारकरी भागवत एकादशी धरतात. नियम असा: सूर्योदयापूर्वी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, अरुणोदय सुरू होतो. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली, आणि उपवास दुसऱ्या दिवशी. समजा सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी आहे, तर अरुणोदय ४ वाजून ३४ मिनिटांनी. दशमी पहाटे साडेपाचला संपली, तर सूर्योदयाला एकादशी असूनही भागवत एकादशी उद्याची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत स्मार्त आणि भागवत अशा दोन वेगळ्या तारखा दिसतात त्या याच कारणाने.

तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी सुरू होते आणि संपते; सूर्योदय मात्र जागोजागी वेगळा. भारतात एकादशी सोमवारी सकाळी ११ ला लागून मंगळवारी सकाळी १० ला संपत असेल, तर उपवास मंगळवारी. न्यू जर्सीत उन्हाळ्यात घड्याळ साडेनऊ तास मागे असते. तिथे हीच एकादशी सोमवारी पहाटे दीडला लागून त्याच रात्री साडेबाराला संपते, म्हणून उपवास सोमवारी. पुण्याहून आलेला व्हॉट्सॲप निरोप पाहून मंगळवारी उपवास केला तर तो द्वादशीला होतो. आपल्या शहराचे पंचांग वापरावे. घरच्यांबरोबर एकाच दिवशी करायची म्हणून भारताची तारीख धरणारेही आहेत. चालेल, पण एक रीत ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा.

उपवासात काय खावे याचा काथ्याकूट नको. साबुदाणा, भगर, राजगिरा, रताळे, शेंगदाणे, दूध, फळे. निर्जळा करण्याची अट नाही. मधुमेह असलेल्यांनी साबुदाणा आणि भगर जपून खावी, दोन्हींनी साखर वर चढते. ताक, शेंगदाणे थोडे थोडे घ्यावे, आणि इन्सुलिन किंवा गोळ्यांची मात्रा डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावी. दुसऱ्या दिवशी द्वादशी संपण्याआधी बारस सोडायची, म्हणजे जेवून उपवास सोडायचा. उपवास पाळून बारस विसरणारे पुष्कळ आहेत, विशेषतः ज्यांची सकाळ लोकलमध्ये किंवा गाडी चालवण्यात जाते. द्वादशी लवकर संपत असेल तर घरातून निघण्याआधी दोन घास अन्नाचे खाऊन निघावे.

हरिपाठ ज्ञानदेवांचा, सत्तावीस अभंगांचा. काही प्रतींत अठ्ठावीस आहेत. बसून वाचला तर साधारण अर्धा तास. वेळ संध्याकाळची, पण रात्रपाळी असेल तर आपली वेळ बांधून घ्यावी. गाडीत लावून ऐकणे हे ऐकणे झाले, पाठ झाला नाही. ओठ हलले पाहिजेत. दोन-तीन महिन्यांत तो तोंडपाठ होतो, मग पुस्तकाची गरज उरत नाही आणि विमानतळावरही नेम चुकत नाही.

आता प्रत्यक्ष माळ. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तुळशीचे मणी करत आली आहेत. शक्यतो त्यांच्याकडून घ्यावी. तुळशीचे लाकूड हलके असते. हाताने केलेले मणी एकसारखे नसतात, भोके थोडी वाकडी असतात. अगदी गुळगुळीत, चकचकीत, एका मापाचे मणी दिसले तर दुसरे लाकूड किंवा प्लास्टिक असण्याची शंका घ्यावी. वाटीभर पाण्यात तासभर ठेवून पाहा, रंग लावलेला असेल तर तो सुटतो. दोरा मजबूत, पण हूक आणि तार नको. सोन्या-चांदीच्या तारेत गाठवलेली माळ एमआरआयच्या वेळी काढावीच लागते आणि मानेला काचते. घामाने दोरा आतून कुजतो, वरून कळत नाही. म्हणून दर पावसाळ्याआधी तो बदलून घ्यावा. साबण, अत्तर, केसांचा रंग यांनी मणी तडकतात. आंघोळीत साधे पाणी लागले तर बिघडत नाही, नंतर पंचाने टिपून घ्यावे. जपाला माळ वेगळी ठेवावी, गळ्यातली मोजायला वापरू नये.

माळ तुटली तर? मणी गोळा करून ओवून पुन्हा गळ्यात घातल्याशिवाय माळकरी अन्नपाणी घेत नाहीत. हा नियम कडक वाटतो, त्याची सोय सोपी आहे: एक जादा माळ पाकिटात, एक घरी. शस्त्रक्रियेसाठी काढावी लागली तर सोबतच्या माणसाच्या हातात द्यावी, शुद्धीवर आल्यावर आधी माळ मागावी. याने नेम मोडत नाही. सुतक, सोहेर, मासिक पाळी यांत माळ काढायची नसते. ती देवघरातली वस्तू असती तर हे प्रश्न आले असते. ती अंगाची झालेली असते.

घरी तुळस हवी. न्यू जर्सीच्या थंडीत ती बाहेर जगत नाही. रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीत. दरवर्षी मंजिऱ्यांचे बी राखून मे महिन्यात पुन्हा पेरावे, म्हणजे जुने रोप गेले तरी वृंदावन रिकामे राहत नाही.

चिन्हांच्या अर्थाकडे मी मुद्दाम उशिरा वळतो आहे, कारण अर्थ आधी आणि आचार नंतर असे केले की माणूस अर्थातच अडकतो. आजकाल सांगतात की १०८ मणी अमुक चक्राला ऊर्जा देतात, तुळशीतून विद्युतलहरी निघतात, विठ्ठलाची वीट म्हणजे मूलाधार. यांतले काहीही संतांनी सांगितलेले नाही. विज्ञानाची उसनी भाषा लावली म्हणून माळ खरी होते असे नाही, आणि उद्या ते विज्ञान खोटे ठरले की ऐकणाऱ्याला माळही खोटी वाटते.

परंपरेने जपलेले अर्थ पाहा. विठ्ठलाचे हात कमरेवर का? शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात याचे उत्तर आहे: माझ्या माणसांना भवसागर एवढाच खोल आहे, हे प्रमाण दाखवायला देवाने कमरेला हात लावले आहेत. पाणी कमरेइतके, म्हणजे चालत पार होण्याजोगे. वारी पायी का, याचे उत्तरही त्यातच आहे. त्या हातांत शंख आहे आणि कमळाचा देठ आहे, शस्त्र नाही. मस्तकावर शिवलिंग आहे असे संत सांगतात, म्हणून एकादशीबरोबर सोमवार पाळणारा वारकरीही असतो आणि हरिहरांचा भेद इथे टिकत नाही. तो विटेवर उभा आहे कारण पुंडलिक आईवडिलांच्या सेवेतून उठला नाही, आणि देव थांबला. परदेशात राहून, म्हातारे आईवडील गावी ठेवून माळेचा विचार करणाऱ्याने या विटेपाशी जरा जास्त वेळ उभे राहावे.

रिंगणात हेच चालताना दिसते. मोकळ्या माळावर दिंड्या गोल धरतात, मध्ये पताकावाले, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया, विणेकरी धावतात. मग दोन घोडे सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसले आहेत. घोडे गेले की माणसे वाकून टापांखालची माती चिमटीने उचलून कपाळाला लावतात. घोड्याची पाठ रिकामी आहे हे तिथल्या प्रत्येकाला दिसते, आणि वर कोण बसले आहे याची शंका तिथे कोणालाही नसते. प्रतीक वागवायचे ते असे. समोरची वस्तू एक आणि तिचा अर्थ दुसरीकडे कुठेतरी, अशी फोड वारकरी करत नाही.

यामागचे तत्त्व ज्ञानदेवांनी अमृतानुभवात मांडले आहे. सातव्या प्रकरणात, जे त्या ग्रंथातले सर्वात मोठे आहे, ते अज्ञानाचेच खंडन करतात. अज्ञान नावाची खरी वस्तू कुठे नाही, जे दिसते तो त्याच एका वस्तूचा विलास आहे. मग वाचकाला प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न दीक्षेच्या मुळाशी जातो: सगळे आधीच एक आहे, मिळवायचे काही नाही, तर माळ कशाला, नमस्कार कोणाला? नवव्या प्रकरणात उत्तर येते. एकाच डोंगरातून कोरून देव, देऊळ आणि परिवार घडवतात. तसाच एकात भक्तीचा व्यवहार का होऊ नये? वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे देव आणि भक्त यांच्यामध्ये दगडाचा सांधा नाही. माळ घातल्याने नवीन काही आत शिरत नाही, आणि तरीही माळ घालण्याला जागा आहे. ‘दीक्षेने नेमके काय बदलते, काही जाणवायला हवे का’ असे विचारणाऱ्यांना मी याच ओव्या वाचायला सांगतो. पहिल्या दिवशी अंगावर शहारे आले नाहीत म्हणून माळ लागली नाही असे नव्हे, आणि आले म्हणून फार काही झाले असेही नव्हे.

न्यू जर्सीच्या माउलींना आता नेमके सांगायचे ते हे. येत्या एकादशीपासून आपल्या शहराच्या पंचांगाने उपवास धरा, हरिपाठ रोज, मांस-मद्य आजपासून बंद. वर्ष झाले की आषाढीला या. आषाढीची इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते: २०२३ साली २९ जून, २०२४ साली १७ जुलै, २०२५ साली ६ जुलै. त्यामुळे रजा पंचांग पाहूनच टाका, आणि ती दशमीपासून पौर्णिमेपर्यंतची हवी. पूर्ण पायी वारी करायची तर आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असते आणि सुमारे २५० किलोमीटरचे चालणे तीन आठवड्यांच्या आतबाहेर पुरे होते. पहिल्या वर्षी शेवटचे चार-पाच मुक्काम चाललात तरी पुरे. दिंडीत नाव आधी नोंदवावे लागते, तंबू आणि जेवणाची भिशी भरावी लागते. आजोबा ज्या दिंडीत होते ती अजून चालू असेल, गावातल्या जुन्या माळकऱ्यांना विचारा. दरवर्षी येणे जमणार नसेल तर माळ घालणाऱ्याला हे आधी सांगा. काही महाराज वर्षाची अट सैल करतात, काही थांबायला सांगतात. जे सांगतील ते ऐका, पण न जमणाऱ्या वारीला पोथीसमोर ‘हो’ म्हणू नका. आणि आजोबांची माळ घरात कोणी जपून ठेवली असेल, तर तीच नव्या दोऱ्यात ओवून घेता येईल का, हेही त्या महाराजांनाच विचारा. माळकऱ्याची माळ बहुधा त्याच्याबरोबरच जाते, त्यामुळे ती सापडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.